जिभेला न पोहोचणारी जागा

लूत लागलेलं कुत्रं दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागलं की त्याच्या आधी त्याचा वास आत येतो. करंज तेलाचा कडवट, गंधकाचा, कापराचा, फिनेलचा, कधी गॅरेजातल्या काळ्या जळक्या ऑइलचा. इतक्या वर्षांच्या सवयीने त्या वासावरून मला कळतं, की माझ्याकडे येण्याआधी हे कुत्रं कुणाकुणाच्या हाताखालून गेलंय. घरातल्या आजीने तेल चोळलंय, मग मेडिकलवाल्याने माणसांची एखादी ट्यूब दिलीय, त्यानेही भागलं नाही तेव्हा कृषी सेवा केंद्रातून पुडी आणलीय. माणसाने जनावराच्या कातडीला काय काय लावून पाहिलं, त्याचे थरच्या थर एका पाठीवर बसलेले असतात. पहिलं काम म्हणजे कोमट पाणी आणि साधा साबण घेऊन ते सगळं धुऊन काढणं.

हे थर धुताना एक गोष्ट मला नेहमी जाणवत आली आहे. यातलं जवळजवळ काहीच मुळात कुत्र्यासाठी किंवा मांजरासाठी केलेलं नव्हतं. कुणी ते मेंढीसाठी केलं, कुणी घोड्यासाठी, कुणी माणसासाठी, कुणी कापसावरच्या किडीसाठी. घरातल्या जनावराच्या वाट्याला उसनं आलं. आणि ज्याच्यासाठी ते केलं होतं त्याला नसलेली एक सवय या जनावरांना आहे. ती स्वतःला चाटतात.

जुन्या काळात या उसनवारीला एक सुंदर अपवाद सापडतो. पहिल्या शतकात कोलुमेल्ला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात गुरं, मेंढ्या, कोंबड्या यांच्या जोडीने राखणीच्या कुत्र्यांचं प्रकरण आहे. तो सांगतो, उन्हाळ्यात माश्या कुत्र्यांचे कान इतके फोडतात की कधी कधी अख्खा कान जातो, म्हणून कडू बदाम वाटून कानांना चोळावेत. कान आधीच चिघळले असतील तर डुकराच्या चरबीत कढवलेलं डांबर त्यावर ठिबकवावं. पिसवांसाठी वेगळा लेप, खरजेसाठी तीळ आणि डांबर घातलेला वेगळा. कडू बदामाचा किती उपयोग होत असेल हा भाग सोडून द्या. माझ्या टेबलावर उन्हाळ्यात जर्मन शेफर्ड येतात तेव्हा त्यांच्या कानांची टोकं माश्यांनी तशीच खाल्लेली असतात, काळी खपली धरलेली. त्या माणसाने शेतावरच्या कुत्र्याचा कान हातात धरून नीट पाहिला होता, एवढं त्या मजकुरावरून स्पष्ट दिसतं.

आपल्याकडचे पशुवैद्यकाचे संस्कृत ग्रंथ थोर आहेत, पण ते राजांच्या मालमत्तेचे आहेत. पालकाप्याच्या नावावरचा हस्त्यायुर्वेद हत्तींचा, शालिहोत्राची परंपरा घोड्यांची. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात कुत्रा आहे, पण शिकारीच्या करमणुकीत. दारातल्या कुत्र्याचं आणि गोठ्यातल्या शेळीचं औषध ग्रंथात नव्हतं. ते बांधावर होतं.

मी परभणीकडची. आमच्याकडे करंजाच्या बियांचं तेल दिव्याला, चामड्याला आणि खरजेला, असं तिन्हीकडे चाले. ते खरोखर किडे मारतं, पण त्याचा मोठा गुण म्हणजे खपली मऊ करतं आणि माश्यांना जवळ येऊ देत नाही. त्यात गंधकाची पूड खलली की काम अधिक पक्कं होतं. गंधक स्वतः फारसं काही करत नाही. कातडीवर त्याची हळूहळू दुसरी संयुगं बनतात आणि ती माइटला, म्हणजे खरजेच्या किड्याला, आणि बुरशीला मारतात. चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेलं पाणी आजही जगभर मांजराच्या नायट्यावर वापरतात, कारण मांजराला सोसेल असं त्याच्याइतकं दुसरं फार थोडं आहे. जखमेत आसडी, म्हणजे आळ्या, पडली की सीताफळाचा पाला वाटून भरायचा, उवांना सीताफळाच्या बियांची पूड. ते विष जोरकस आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. म्हणून ‘झाडपाला आहे, काही होत नाही’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

याच बांधावरच्या वैद्यकातलं एक मात्र मला फार शहाणपणाचं वाटतं, आणि त्याला आपण औषध न म्हणता सण म्हणतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदमळणी. बैलाला धुवायचं, जू ज्या जागी घासतं तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, मग हळद आणि तूप किंवा लोणी घेऊन हाताने मळत राहायचं. उद्याच्या जेवणाचं आवतण त्याला त्याच वेळी द्यायचं. खांदेसूज आलेल्या बैलावर आजचा डॉक्टर यापेक्षा फार वेगळं काय करतो? शेक, मऊ करणारं काही, आणि दुसऱ्या दिवशी जू नाही. आजोबा खांदा मळताना एक गोष्ट करत. बोटांनी चाचपून कुठे गाठ लागते, कुठे बैल कातडी थरथरवतो, ते बघत. त्या दिवशी सापडलेली गाठ पुढे महिनाभर लक्षात राही. आणि मानेमागची ती जागा अशी आहे की बैलाची जीभ तिथे पोहोचत नाही. लावलेलं जागेवर राहतं.

खरूज कशाने होते हे माणसाला कळलं ते 1687 साली. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी खरजेच्या फोडातून सुईने काढलेला किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला अंडं घालताना पाहिला, आणि रोगाचं कारण हा किडाच असं पत्र लिहून प्रसिद्ध केलं. कुठल्याही रोगाचं कारण इतक्या स्पष्टपणे डोळ्यांना दिसण्याची ती फार लवकरची वेळ होती. तरी पुढे शतकभराहून अधिक काळ वैद्य ‘रक्त बिघडलं’ म्हणूनच उपचार करत राहिले. पारा, शिसं, डांबर, तंबाखूचं पाणी हे सगळं कुत्र्यांना चोळलं गेलं. पारा चाटून कुत्र्यांच्या तोंडातून लाळ गळायची, हिरड्या सुजायच्या.

मुंबईत जनावरांच्या कातडीकडे लक्ष गेलं ते रस्त्यावरून. 1832 साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज उठला आणि शहर बंद पडलं. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. 1874 साली घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, आणि त्याच साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्थाही निघाली. खोगिराखाली सोललेली पाठ, जुवाखाली फुटलेला खांदा, हे तेव्हाच्या मुंबईचं रोजचं दृश्य. परळला सर दिनशा पेटिटांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय झालं, आणि त्याच आवारात 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडलं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. मी परळला शिकले. तिथल्या ओपीडीत मला पहिल्यांदा कळलं, की मलम लिहून देण्याआधी कातडी खरवडायची असते.

ते कसं करतात हे सांगायला हवं, कारण सगळा फरक तिथे आहे. ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घ्यायचा. खपलीच्या कडेची, जिथे रोग पुढे सरकतोय तिथली कातडी दोन बोटांत चिमटीत धरायची. दाबायची, म्हणजे केसांच्या मुळाशी दडलेले माइट वर येतात. मग ब्लेड आडवं धरून एकाच दिशेने खरवडत राहायचं, रक्ताचा बारीक पाझर दिसेपर्यंत. जे निघेल ते काचेवर. सूक्ष्मदर्शकात लांबट, आखूड पायांचे, संथ हलणारे किडे दिसले तर तो डेमोडेक्स. गोल, ढालीसारखा दिसला तर सार्कोप्टीस. पहिला आईकडून पिलाला पहिल्या दिवसांतच मिळतो आणि बहुतेकांच्या कातडीवर निमूट राहतो, अंगातली ताकद कमी झाली की वाढतो. दुसरा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, मालकाच्या हातावरही पुरळ उठवतो. बाहेरून दोन्ही ‘लूत’च. लावायचं औषध मात्र एक नव्हे.

आता उसनवारीकडे परत येते. 1852 साली इंग्लंडमधल्या विल्यम कूपर या पशुवैद्याने मेंढ्या बुचकळण्याची पूड बाजारात आणली. तिच्यात आर्सेनिक आणि गंधक होतं. तिने कोट्यवधी मेंढ्यांची खरूज आटोक्यात आणली. मेंढीच्या अंगावर जाड लोकर असते आणि ती स्वतःला फारसं चाटत नाही. तेच पाणी कुत्र्यावर ओतलं तर ते जिभेवाटे पोटात जाणारच. पुढे 1940च्या दशकात गॅमेक्झिन आलं. आमच्या भागात कापसावर, ज्वारीवर, ढेकणांवर, पोरांच्या डोक्यातल्या उवांवर आणि कुत्र्याच्या पिसवांवर एकच पांढरी पावडर पडत असे. मला तो बुरसट वास अजून आठवतो. मांजरांवर ती टाकली की मांजरं थरथरायची, झटके यायचे, मरायची, आणि लोक म्हणायचे मांजराला काहीतरी बाधलं. 1997 साली तिच्यावर आपल्याकडे बंदी आली.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांमध्ये खरूज फार फैलावली. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने 1941 पासून शेफील्डमध्ये, युद्धात लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर तिचा अभ्यास केला. त्या काळात बेन्झिल बेन्झोएट हे खरजेचं मुख्य औषध ठरलं. आपल्याकडे मेडिकलमध्ये त्याचं दुधाळ पांढरं, 25 टक्क्यांचं पाणी मिळू लागलं आणि ते माणसांबरोबर कुत्र्यांनाही लागू लागलं. कुत्र्याला ते मर्यादेत चालतं, अंगाचा एक भाग आज, दुसरा उद्या असं. मांजराला चालत नाही. फिनेलचंही तसंच. मांजराच्या यकृतात अशा पदार्थांना बांधून बाहेर काढणारी यंत्रणा फार तोकडी आहे. फरशी फिनेलने पुसली, मांजर त्यावरून चाललं, बसून पंजे चाटले, की विष पोटात. कातडीही माणसासारखी नाही. माणसाच्या वरच्या कातडीत पेशींचे दहा-पंधरा थर, कुत्र्याच्या जेमतेम तीन ते पाच. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची जवळपास उदासीन. म्हणून आपला साबण, आपला शांपू, आपलं मलम त्याला सोसतंच असं नाही. शिकाऊ असताना आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मा कापून, कडेला बँडेज शिवून, कुत्र्यांच्या गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालायचो. जुन्या फिल्मेवर कुणाची तरी मोडलेली तंगडी असायची. मलमाच्या ट्यूबेइतकंच त्या कॉलरीचं महत्त्व आहे. कॉलर घालणार नसाल तर मलम लावू नका, असं मी स्पष्ट सांगते.

कानाच्या आतल्या औषधाचा इतिहास तर याहून उशिरा सुरू होतो. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. त्या वळणावर मेण, केस, पावसाचं पाणी साठतं. वर लोंबता कान झाकण घालतो. मुंबईच्या जुलैमध्ये कॉकर स्पॅनियल आणि लॅब्राडोरच्या कानात जे तयार होतं, ते शेकडो वर्षं लोकांना ‘कान वाहतो’ एवढंच माहीत होतं. घरोघरी लसूण घालून कढवलेलं खोबरेल ओतायचे, ते माणसाच्या कानाचं औषध. आसडी पडली तर टर्पेंटाइन. टर्पेंटाइनने आळ्या वर येतात हे खरं, पण सुजलेल्या कानाच्या आतली साल निघते, आणि पडदा फाटलेला असेल तर वेदनेला सीमा राहत नाही.

1925 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या एकशिंगी गेंड्याला कातडीचा रोग झाला. फ्रेड वाइडमन यांनी त्याच्या कोंड्यात एक यीस्ट शोधलं आणि जाड कातडीच्या त्या प्राण्यावरून त्याला नाव दिलं. आज आपण त्याला मॅलसेझिया पॅकिडरमॅटिस म्हणतो. सूक्ष्मदर्शकात ते भुईमुगाच्या शेंगेसारखं, मध्ये चिमटलेलं दिसतं. हेच यीस्ट कुत्र्यांच्या कानात असतं, निरोगी कानातही असतं, म्हणून ते रोग करतं की नुसतं राहतं यावर बराच काळ एकमत होत नव्हतं. 1955 साली स्वीडनमध्ये गुस्ताफसन यांनी प्रयोग करून ते कान बिघडवू शकतं हे दाखवलं. आसामच्या गवतातल्या जनावराच्या कोंड्यातून निघालेला धागा दादरच्या एखाद्या लॅब्राडोरच्या कानापर्यंत येतो, याचा मला दर पावसाळ्यात आनंद होतो.

त्या यीस्टला मारणारं निस्टॅटिन दोन बायकांनी शोधलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन ऑल्बनीत. मातीचे नमुने टपालाने एकमेकींना पाठवत त्या काम करत होत्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या दुग्धव्यावसायिकाच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जिवाणू सापडला, आणि 1950 साली त्यांनी औषध जाहीर केलं. स्वतःच्या वाट्याचं स्वामित्वधन त्यांनी संशोधनाला देऊन टाकलं. पुढे निस्टॅटिन, निओमायसिन, थायोस्ट्रेप्टॉन आणि ट्रायमसिनोलोन हे चार मिसळून कुत्र्या-मांजरांच्या कानाचं मलम तयार झालं. थायोस्ट्रेप्टॉन तर जनावरांच्या औषधापुरतंच राहिलं. उसनवारीच्या या लांबलचक गोष्टीत खास त्यांच्यासाठी बसून मिसळलेलं औषध कोलुमेल्लानंतर मला इथे पहिल्यांदा भेटतं. बुरशी, जिवाणू आणि सूज या तिघांना एकदम गाठायचं, कारण कानात ते तिघे एकदमच असतात.

कानातल्या माइटबद्दल एक माणूस सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टपोर्टचे पशुवैद्य रॉबर्ट लोपेझ. मांजराच्या कानातले माइट माणसाला लागतात का, हे पाहायला त्यांनी ते काढून स्वतःच्या कानात घातले. आत चालण्याचा, खरवडण्याचा आवाज, रात्री वाढणारी खाज, झोप नाही, असं सगळं त्यांनी लिहून ठेवलं आणि अंगावरचा प्रयोग पुन्हाही केला. 1993 साली ते अमेरिकी पशुवैद्यक संघाच्या नियतकालिकात छापून आलं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं आणि लोक पुष्कळ हसले. मी मात्र हाताखाली आलेल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला ते वाचायला लावते. डोकं झटकणारं मांजर रात्रभर काय ऐकत असतं, हे सांगू शकणारा तोच एक रुग्ण आपल्याला मिळाला आहे.

स्टेरॉइडबद्दल थोडक्यात. ते आल्यापासून खाज दोन दिवसांत थांबू लागली, आणि खाज थांबली की मालकाला रोग बरा झाला असं वाटतं. माइट असताना नुसतं स्टेरॉइड चोळलं तर डेमोडेक्सला मोकळं रान मिळतं. मानेवर टक्कल, पातळ कागदासारखी कातडी, सुटलेलं पोट घेऊन येणारी कुत्री मी आजही पाहते.

1990च्या दशकात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही दोन औषधं थेंबांच्या रूपात आली. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायची. जागा तीच, जिथे जीभ पोहोचत नाही. तिथून ती कातडीच्या तेलात मिसळून अंगभर पसरतात, पिसवा मरतात, फिप्रोनिलने गोचीडही. ही दोन्ही रसायनं मराठवाड्यातल्या प्रत्येक कापूसवाल्याच्या ओळखीची आहेत, कपाशीवरच्या फवारणीची. त्यामुळे बाटली स्वस्त पडते म्हणून शेतातलं औषध कुत्र्याला लावणारे आजही येतात. रसायन तेच असलं तरी त्यातलं विरघळवणारं द्रव्य वेगळं, प्रमाण वेगळं. आणि कुत्र्यांसाठीच्या थेंबांमध्ये जेव्हा परमेथ्रिन असतं, तेव्हा ते मांजराला लावलं तर मांजर जातं. डबीवर कुत्र्याचं चित्र आहे की मांजराचं, हे कृपा करून बघा.

2013 नंतर गोळ्या आल्या. एक गोळी खाल्ली की कित्येक आठवडे गोचीड, पिसवा आणि दोन्ही तऱ्हेची लूत आटोक्यात. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या विचारपूर्वक द्याव्या लागतात, पण अंगभर काहीतरी चोळण्याचं काम त्यांनी बरंच संपवलं. ज्या जिभेला हजारो वर्षं आपण अडवत आलो, तिच्याच वाटेने आता औषध जातं.

यीस्टने आणि जिवाणूंनी बिघडलेल्या कानाला मात्र अजून हातच लागतो. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंब पडला की कुत्रं पुढच्या वेळी जवळ येणार नाही. कान वर आणि किंचित बाहेर ओढा, म्हणजे वळण सरळ होतं. थेंब आत गेले की कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, दोन बोटांनी मळा. पचपच आवाज आला पाहिजे. मग सोडा, त्याला डोकं झटकू द्या. कापसाची काडी आत घालू नका. सात दिवसांनी परत आणा, आणि त्या दिवशी सकाळी कान पुसू नका. जे आत असेल ते मला काचेवर घ्यायचं आहे.